हरणाच्या मागे काय आहे?

स्कॉटलंडच्या नकाशावर 'अमुक फॉरेस्ट' असे लिहिलेले दिसले म्हणून तिथे गेलात आणि झाडे शोधू लागलात, तर बहुतेक वेळा फसगत होईल. मैलोन्‌मैल उघडे डोंगर, हेदरची गुडघाभर झुडपे, पाण्याने फुगलेली काळी पीटची जमीन, मध्येच एखादा ओहळ. झाड औषधालाही नाही. तरीही हे 'डिअर फॉरेस्ट'च. कारण या शब्दाचा मूळ अर्थ झाडी असा नव्हताच. राजाने किंवा सरदाराने शिकारीसाठी राखलेले रान, ते फॉरेस्ट. आपल्याकडे राधानगरी-दाजीपूर हे कोल्हापूरच्या छत्रपतींचे असेच राखीव शिकारीचे रान होते. मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांचे फणसाड तसेच. फरक एवढाच की आपल्याकडे राजांची शिकार संपली आणि १९५८ मध्ये राधानगरीचे, १९८६ मध्ये फणसाडचे अभयारण्य झाले. इथे शिकार चालू राहिली आणि झाडे गेली.

मी ॲबर्डीनमध्ये राहतो. पीएच.डी. इथेच केली आणि समुद्राच्या तळाशी टाकलेल्या नळांची कंपने मोजण्याचे काम करतो. हरणांचा आणि माझा संबंध एरवी रात्री गाडी चालवताना रस्त्यात आडवी येऊ नयेत इतपतच. पण आमच्या लॅबमधल्या एका तंत्रज्ञाचा भाऊ पश्चिमेकडच्या एका मोठ्या इस्टेटीवर 'स्टॉकर' आहे. (हल्ली इंग्रजीत हा शब्द फार वाईट अर्थाने वापरतात, पण इथे तो सन्मानाचा हुद्दा आहे. माग काढून, दबा धरून, रांगत-सरपटत हरणाच्या टप्प्यात नेणारा माणूस, तो स्टॉकर.) त्याच्याबरोबर ऑक्टोबरातल्या एका पहाटे जायचा योग आला. बंदूक मी धरणार नव्हतो. माझ्याकडे काठी आणि दोरी. नुसता बघ्या.

घरी फोनवर सांगितले तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "हरीण मारतात? आणि तू बघायला जाणार?" प्रश्न रास्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर जन्मलेल्या आपल्या पिढीला शिकार म्हणजे एकतर गुन्हा नाहीतर जुन्या वाड्यातल्या भिंतीवरची धुळकट शिंगे. इथे ते रोजच्या कामासारखे कसे चालते, आणि त्या कामात कोणाचा जीव जाऊ नये म्हणून काय करतात, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. बरेच मागे.

जुन्या काळी हायलँड्समध्ये शिकार व्हायची ती आपल्या हाकाऱ्यासारखीच. शेकडो माणसे डोंगर वेढायची आणि हरणांना एका घळीत हुसकत आणायची. तिथे सरदार मंडळी कुत्री आणि धनुष्ये घेऊन तयार. १५६० च्या दशकात अ‍ॅथॉलच्या अर्लने मेरी राणीसाठी असा एक प्रचंड हाका लावला होता. विल्यम बार्क्ले नावाच्या विद्वानाने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. दोन हजार हायलँडर कित्येक आठवडे रान वेढत होते. ३६० हरणे आणि पाच लांडगे पडले. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. राणीच्या आज्ञेवरून एक कुत्रा लांडग्यावर सोडला, त्याने कळपाचा म्होरक्या नर बिथरला, उलटा वळला, आणि सगळा कळप त्याच्यामागून माणसांच्या फळीवर धावून आला. माणसांनी हेदरमध्ये पालथे पडून अंगावरून कळप जाऊ दिला. काही जखमी झाले, दोन-तीन मेले. हाकेवाल्यांची नावे अर्थातच कोणी लिहिली नाहीत.

त्या पाच लांडग्यांचे पुढे काय झाले? स्कॉटलंडमधला शेवटचा लांडगा १६८० मध्ये मारला असे काही जण म्हणतात, काही १७४३ चा दाखला देतात. दुसरी बहुधा दंतकथा. काही असो, लांडगा संपला आणि हरणाला माणसाखेरीज शत्रू उरला नाही.

मग माणूसही कमी झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जमीनदारांनी दऱ्या-खोऱ्यांतली गावेच्या गावे उठवली आणि तिथे मेंढ्या आणल्या. लोकरीला भाव होता, कुळांच्या खंडापेक्षा मेंढपाळाचा खंड जास्त मिळायचा. यालाच 'क्लिअरन्सेस' म्हणतात. लोक किनाऱ्यावर ढकलले गेले, कॅनडाला गेले, ऑस्ट्रेलियाला गेले. पुढे ऑस्ट्रेलियातून लोकर आली, १८८२ मध्ये न्यूझीलंडहून बर्फात गोठवलेले मटण बोटीने येऊ लागले, आणि मेंढ्यांचाही धंदा बसला. (गेलेल्यांपैकी काहींच्याच नातवंडांनी तिकडे मेंढ्या पाळल्या असणार, हा इतिहासाचा विनोद.) रिकाम्या डोंगरांचे करायचे काय? उत्तर तयार होते. हरणे.

याची फॅशन आधीच आली होती. १८३८ मध्ये विल्यम स्क्रोप या इंग्रजाने हरणाचा माग काढण्याच्या कलेवर एक जाडजूड पुस्तक लिहिले. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्टने बाल्मोरल भाड्याने घेतले, १८५२ मध्ये विकतच घेतले. अल्बर्टला या शिकारीचे वेड. १८५१ मध्ये लँडसीअरने 'मोनार्क ऑफ द ग्लेन' हे बारा फाट्यांच्या शिंगांच्या नराचे चित्र काढले. ते चित्र तुम्हीही पाहिले आहे, व्हिस्कीच्या जाहिरातीत आणि बिस्किटांच्या डब्यावर. मूळ चित्र एका मद्य कंपनीच्या मालकीचे होते, ते २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनाने ४० लाख पौंडांना घेतले. १८६३ मध्ये पर्थहून उत्तरेकडे डोंगर ओलांडणारी रेल्वे झाली आणि लंडनचा धनिक रात्री गाडीत बसून दुसऱ्या दिवशी हायलँड्समध्ये उतरू लागला. १८८३ च्या सुमारास डिअर फॉरेस्टखाली सुमारे २० लाख एकर जमीन होती. १९१२ पर्यंत ती ३५ लाख एकरांवर गेली. हे क्षेत्र जवळजवळ आपल्या पुणे जिल्ह्याएवढे होते. पुणे जिल्ह्यातून माणसे हलवून तिथे वर्षातले दोन-तीन महिने काही पाहुण्यांना शिकार करू द्यायची, अशी कल्पना करून पाहा.

या राखीव रानांत सुरक्षा होती, पण ती हरणांची. माणसांपासून. विलियम लुई विनान्स नावाचा बाल्टिमोरचा अमेरिकन कोट्यधीश होता. घराणे रेल्वे-इंजिने बांधणाऱ्यांचे, पैसा रशियातल्या रेल्वेतून कमावलेला (आमच्याच जातीचा माणूस, इंजिनियर!). त्याने एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्याच्या दिशेने पसरलेली सुमारे दोन लाख एकर जमीन शिकारीसाठी भाड्याने घेतली होती. १८८४ मध्ये किंटेलमधल्या मर्डॉक मॅक्रे नावाच्या गरीब चांभाराचे एक पाळीव कोकरू याच्या हद्दीत चरले म्हणून त्याने कोर्टात खटला घातला. एक कोकरू, दोन लाख एकर. एडिंबराच्या वरिष्ठ कोर्टात १८८५ मध्ये विनान्स हरला, पण 'कोकराचा खटला' म्हणून देशभर नाव झाले.

दुसरी गोष्ट लुईस बेटाची आणि तिचा धागा थेट मुंबईत येतो. हे बेट १८४४ मध्ये जेम्स मॅथेसनने विकत घेतले. जार्डिन-मॅथेसन कंपनीतला मॅथेसन. त्यांचा मोठा धंदा चीनला अफू विकण्याचा, आणि त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. मुंबईतले त्यांचे मोठे भागीदार सर जमशेटजी जीजीभाई, ज्यांच्या नावाचे जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आपल्याला पाठ आहे. माळव्यातल्या शेतकऱ्याची अफू, मुंबईची बोट, कँटनचा धूर आणि त्या नफ्यातून स्कॉटलंडमधले एक बेट. या बेटाच्या आग्नेयेला पार्क नावाचा भाग आहे. मॅथेसनच्या आधीच तिथली गावे उठवून मेंढ्या आणल्या होत्या. १८८० च्या दशकात मेंढ्यांना गिऱ्हाईक मिळेना तेव्हा शेजारच्या गावांतली दाटीवाटीने राहणारी कुळे म्हणाली, ती जमीन आम्हाला खंडाने द्या. मॅथेसनच्या विधवेने नकार दिला आणि पार्क शिकारीला दिले. नोव्हेंबर १८८७ मध्ये मासेमारीचा हंगाम बुडालेला, घरात खायला नाही, अशा वेळी शेकडो माणसे बंदुका घेऊन, निशाणे लावून पार्कमध्ये शिरली. हरणे मारली, होडीच्या शिडांचे तंबू ठोकून मांस शिजवले आणि खाल्ले. सरकारने सैन्य पाठवले. पुढाऱ्यांवर एडिंबरात जानेवारी १८८८ मध्ये खटला चालला आणि ज्यूरीने सगळ्यांना निर्दोष सोडले. जमीन मात्र मिळाली नाही.

असो. आता त्या पहाटेकडे.

साडेपाचला निघायचे होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. कायद्याने सूर्योदयाच्या एक तास आधीपर्यंत हरणावर गोळी झाडता येत नाही (खास परवाना असेल तर गोष्ट वेगळी), म्हणून अंधारात चालून उजाडेपर्यंत वर पोचायचे असा बेत. निघण्यापूर्वी स्टॉकरने स्वयंपाकघरातल्या पाटीवर खडूने लिहिले: कोणत्या ओहळाने वर जाणार, कोणत्या खिंडीतून उतरणार, किती जण, आणि किती वाजेपर्यंत परत आलो नाही तर फोन करायचा. त्याच्या बायकोने ते वाचून मान हलवली. "मोबाईल नाही का?" मी विचारले. "आहे की. या डोंगरामागे तो घड्याळ म्हणून छान चालतो."

माझी तपासणी झाली. जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेते. लोकरीचे कपडे, जास्तीचा एक स्वेटर, टोपी, हातमोजे, शिट्टी, टॉर्च, खायला दुप्पट. सह्याद्रीत चाललेल्या माणसाला डोंगर नवा नसतो, पण इथली भीती वेगळी आहे. आपल्याकडे उन्हाने आणि तहानेने माणूस खचतो. इथे पाच अंश, पाऊस आणि वारा हे त्रिकूट पुरते. शून्याखाली जायची गरजच नाही. भिजलेला माणूस वाऱ्यात तासाभरात बरळू लागतो आणि आपण बरळतोय हे त्याला कळत नाही. १९७१ च्या नोव्हेंबरात केर्नगॉर्मच्या पठारावर हिमवादळात शाळेच्या सहलीतली पाच मुले आणि त्यांच्याबरोबरची एक शिकाऊ शिक्षिका मेली. आजही डोंगरावर जाणाऱ्या कोणाशी बोला, तो हा प्रसंग काढतोच.

बंदुकीची गोष्ट आदल्या संध्याकाळपासूनच सुरू झाली होती. शंभर मीटरवर मातीच्या उतारापुढे कागद लावून पाहुण्या शिकाऱ्याकडून (एक निवृत्त डॉक्टर) तीन गोळ्या झाडून घेतल्या. स्टॉकरच्या दृष्टीने ही त्या माणसाची परीक्षा होती. हात किती थरथरतो, चाप झटका देऊन ओढतो की दाबतो, आणि मुख्य म्हणजे गोळी झाडल्यावर नळी कुठे फिरवतो. त्यानंतर रायफल गवसणीत गेली आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत ती स्टॉकरच्याच खांद्यावर होती. ही रीत व्हिक्टोरियन काळापासूनची. पैसे पाहुण्याचे, शिंगे पाहुण्याची, पण बंदूक स्टॉकरच्या खांद्यावर आणि 'आता' म्हणण्याचा अधिकारही त्याचाच. सरदार असो की बँकर, डोंगरावर खेड्यातल्या माणसाचे मुकाट ऐकायचे. इतक्या विषम समाजात ही एक प्रथा कशी टिकली याचे मला कुतूहल होते. उत्तर साधे असावे. न ऐकणारे रिकाम्या हाताने परत येत, किंवा कोणाला तरी जखमी करून येत.

रायफलीत काडतुसे होती, पण नळीच्या मागच्या कोठीत एकही नाही. सेफ्टीचा खटका असतोच. त्यावर स्टॉकरचा काडीचा विश्वास नाही. मला, नळ आणि झडपा बिघडताना बघण्यावर पोट भरणाऱ्याला, हे फार पटले. खटका हा यंत्राचा भाग आहे आणि यंत्राचा भाग कधीतरी दगा देतो. रिकामी कोठी दगा देऊ शकत नाही. ओहळ ओलांडताना, कुंपण चढताना, सरपटताना बंदूक रिकामी, म्हणजे माणूस घसरून पडला तर फक्त गुडघा फुटतो.

उजाडताना पहिल्यांदा नर ऐकू आला. हा त्यांचा माजावर येण्याचा काळ. म्हशीचे रेकणे आणि वाघाची डरकाळी यांच्यामधला कुठला तरी आवाज, समोरच्या कड्यावर आपटून परत येणारा. लाल हरीण म्हणजे आपल्या सांबराच्या नात्यातले. माद्यांचा कळप राखत तो नर इकडून तिकडे फिरत होता. स्टॉकरने खिशातून पावडरची डबी काढून चिमूटभर उडवली आणि वाऱ्याची दिशा पाहिली. हरणाला दिसते बरे, ऐकू येते त्याहून बरे, आणि वास तर अर्ध्या मैलावरून येतो. म्हणून वारा तोंडावर घेत, डोंगराच्या सोंडेमागून अर्धा तास वळसा. मग ओहळातून वाकून. मग पीटच्या चरातून पोटावर. तुम्ही कधी थंडगार चहाच्या चोथ्यात पोहला आहात का? साधारण तसे.

पहिली संधी आली तेव्हा नर दीडशे मीटरवर होता, आडवा, स्वच्छ, पण धारेवर. त्याच्यामागे नुसते आकाश. स्टॉकरने डॉक्टरांच्या मनगटावर हात ठेवला आणि मान हलवली. रायफल गवसणीतून निघालीसुद्धा नाही.

इथे थोडे गणित करू द्या. साध्या .३०८ रायफलीची गोळी साधारण दहा ग्रॅमची, नळीतून सुटताना वेग सेकंदाला ८५० मीटर. ऊर्जा निघते साडेतीन हजार ज्यूल. सत्तर किलोचा माणूस दीड मजला चढताना एवढीच ऊर्जा खर्च करतो. यात घाबरण्यासारखे काय, असे वाटेल. पण तीच ऊर्जा करंगळीच्या टोकाएवढ्या धातूत भरलेली आहे आणि हरणातून पार झाल्यावरही बरीच शिल्लक राहते. काहीच आडवे आले नाही तर अशी गोळी तीन मैलांपर्यंत जाऊ शकते. धारेपलीकडच्या दरीत कोण आहे हे इकडून दिसत नाही. आणि आवाजाचा वेग गोळीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे सावध व्हायला अवधीही नाही. म्हणून नियम असा की हरणाच्या मागे मातीच हवी, दिसणारी, मऊ, उतरती. खडकही चालत नाही, गोळी उडून कुठेही जाते. पीटसारखी जमीन त्यासाठी उत्तम. सपाट रानात, सागवानासारख्या रांगेत लावलेल्या इथल्या पाइनच्या लागवडीत रो जातीची छोटी हरणे मारतात तेव्हा यासाठीच मचाण बांधतात. आपल्याकडे मचाण वाघापासून जीव वाचवायला. इथे ते एवढ्यासाठी की वरून खाली झाडलेली गोळी जमिनीत जावी. (आणि मचाणाचा धोका वेगळाच. कुजलेली शिडी.)

दुसरी संधी वीस मिनिटांनी. नर खाली उतरला, मागे छान हिरवा उतार, पण एक मादी नेमकी त्याच्या पलीकडे उभी. पुन्हा नाही. मग स्टॉकरने दुर्बीण खाली दरीत वळवली आणि बराच वेळ पाहिले. दीड-दोन किलोमीटरवर लाल जाकीट घातलेले दोघे पायवाटेने येत होते. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमध्ये जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही जवळजवळ कुठेही चालत जायचा हक्क दिला आहे, मालकाला विचारण्याची गरज नाही. विनान्सच्या कोकराला जो हक्क कोर्टात जाऊन मिळवावा लागला, तो आता सुट्टीवर आलेल्या जर्मन पर्यटकालाही आहे. मालक कुरकुरतात. आमचा स्टॉकर म्हणाला, "त्यांचा हक्क आहे, आणि लाल जाकीट घालतात हे उपकारच." ते दोघे सोंडेमागे दिसेनासे होऊन पुरते लांब जाईपर्यंत आम्ही ओल्या जमिनीवर पडून राहिलो. चाळीस मिनिटे. माझे दात वाजत होते ते थंडीने, भीतीने नव्हे, असे नमूद करून ठेवतो.

ही पडून राहण्याची कला युद्धातही गेली. बोअर युद्धाच्या वेळी १९०० मध्ये लॉर्ड लोव्हॅटने हायलँड्समधल्या स्टॉकर आणि गिली (म्हणजे त्यांचे मदतनीस) लोकांची एक पलटण उभी केली, लोव्हॅट स्काउट्स. पहिल्या महायुद्धात १९१६ पासून याच मंडळींना पितळी दुर्बिणी घेऊन शत्रूची हालचाल टिपायला खंदकांत बसवले. पडदे आणि चिंध्या लावलेल्या ज्या पोशाखाला आज जगभरचे सैनिक 'गिली सूट' म्हणतात, त्याचे नाव इथले. ज्यांच्या आजोबांना हरणांसाठी दरीतून हाकलले होते, त्यांनी हरणांकडून शिकलेली विद्या साम्राज्याला दिली.

तिसऱ्या वेळी सगळे जमले. स्टॉकरने आधी स्वतः मागची जमीन दुर्बिणीतून तपासली, मग रायफल काढली, काडतूस कोठीत सारले, डॉक्टरांपुढे ठेवली. "वळू दे. अजून. आता." एकच आवाज. नर चार पावले गेला आणि हेदरमध्ये बसल्यासारखा पडला. माद्या पन्नास मीटर पळून थांबल्या आणि मागे पाहू लागल्या. कोणीही उठले नाही. डॉक्टरांनी दुसरे काडतूस भरून नेम तसाच धरला होता, मोजून पाच मिनिटे. मग बंदूक रिकामी केली, दोघांनी कोठीत बोट घालून खात्री केली आणि मगच चालायला सुरुवात. नराकडे जायचे ते पाठीकडून, शिंगांपासून लांब, आणि डोळ्याच्या बुबुळाला काठीचे टोक लावून पाहायचे. मेलेला समजलेला नर शिंगे हाणून माणसाची मांडी फाडू शकतो.

मला त्या क्षणी काय वाटले असे आईने नंतर विचारले. आनंद नाही झाला. गरम वाफ निघत होती, डोळे उघडे होते. डॉक्टर टोपी काढून गप्प उभे राहिले. स्टॉकर कामाला लागला होता, कारण आतडी लवकर काढली नाहीत तर मांस नासते. यकृत, फुप्फुसे, आतड्यांजवळच्या गाठी त्याने एकेक उलटून पाहिल्या, क्षय वगैरेची खूण दिसते का म्हणून. पोट साफ करूनही ऐंशी-नव्वद किलो भरले असेल. पूर्वी ते गॅरन जातीच्या तट्टावर घालून आणत, आता बहुतेक ठिकाणी आठ चाकांची दलदलीत चालणारी गाडी येते. गाडीपर्यंत दोरीने ओढायचे काम माझे. तीव्र उतारावर स्टॉकर ओरडला, "खालच्या बाजूला उभा राहू नकोस, दोरी मनगटाला गुंडाळू नकोस." घसरणारे ओझे माणसाला घेऊन जाते. त्या दिवसातला सगळ्यात धोक्याचा टप्पा मला हाच वाटला.

घरी आल्यावर आंघोळीआधी अंगभर गोचिड्या शोधल्या. दोन निघाल्या, एक काखेत. इथल्या गोचिडीतून लाईम नावाचा रोग होतो, चावल्या जागेभोवती पसरत जाणारे लाल वर्तुळ उठते, दुर्लक्ष केले तर सांधे आणि नसा धरतो. डोंगरावर काम करणाऱ्यांना बंदुकीपेक्षा हिची भीती जास्त.

आता आईच्या मूळ प्रश्नाकडे. मारतात कशाला? दुसऱ्या महायुद्धानंतर मटणाचे रेशनिंग १९५४ पर्यंत चालले. त्या काळात टोळ्या रात्री मोटारीच्या दिव्यांत छर्‍याच्या बंदुकांनी हरणे मारत आणि अर्धमेली सोडून जात. त्यातून १९५९ चा हरीण कायदा झाला. स्कॉटलंडमध्ये हरणांना कायद्याने शिकारबंदीचा हंगाम मिळाला तो तेव्हा. १९८५ मध्ये गोळीचा किमान वेग आणि ऊर्जाही ठरवून दिली, म्हणजे जखमी होऊन झुरण्याऐवजी जनावर जागच्या जागी मरावे. पण संख्या वाढतच गेली. चारही जातींची मिळून आज दहा लाखांच्या आसपास हरणे असावीत असा अंदाज आहे, १९९० मध्ये तो याच्या निम्म्यावर होता. दरवर्षी एक लाखाच्या वर मारूनही ही स्थिती. हरणे कोवळे रोप दिसले की खातात, म्हणून फॉरेस्टमध्ये झाड नाही. बाल्मोरलच्या जवळच मार लॉज नावाची जुनी शिकारीची इस्टेट १९९५ मध्ये नॅशनल ट्रस्टने घेतली आणि तिथे हरणे कमी केली. आता तिथे कुंपणाशिवाय पाइनची रोपे उगवताना दिसतात, मी स्वतः गुडघ्याएवढी पाहिली आहेत. लांडगे परत आणा असे म्हणणारेही आहेत. मेंढपाळ त्यांना काय उत्तर देतात ते इथे छापण्यासारखे नाही.

ऑक्टोबर २०२३ पासून नरांवरचा बंदीचा हंगाम सरकारने काढूनच टाकला, वर्षभर मारता येतात. माद्यांचा बंदीचा हंगाम मात्र राहिला, पाडसे अनाथ होऊ नयेत म्हणून. आमच्या स्टॉकरला हा बदल आवडलेला नाही. हिवाळ्यात खंगलेला नर मारण्यात कसली कला, असे तो म्हणतो. आणि पुढे हिशेबही सांगतो: पाहुणे येतात वर्षातले काही आठवडे, ते मारतात थोडे नर. इस्टेटीला ठरवून दिलेला आकडा भरतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, एकट्याने, बर्फात, माद्या मारून. तेव्हा टोपी काढून उभे राहणारा डॉक्टर नसतो. पाटीवर मार्ग लिहून ठेवायचा, परतीची वेळ लिहायची, आणि बायकोने खिडकीतून डोंगराकडे बघत राहायचे. वीस वर्षांत तिने दोनदा बचाव पथकाला फोन केला आहे. दोन्ही वेळा तो धुक्यात दिशा चुकायला नको म्हणून दगडाआड बसून राहिला होता, खिशात चॉकलेट होते. तिसऱ्यांदा फोन करायला लागू नये म्हणून तिने त्याला उपग्रहाशी जोडलेले एक छोटे यंत्र वाढदिवसाला दिले आहे. ते तो नेतो. बटण कसे दाबायचे हे मी त्याला दोनदा दाखवले, आणि पाटीवर लिहायचे त्याने अजून सोडलेले नाही.